पोत्यावर सल्फाइट, पोत्यात सल्फेट

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत औद्योगिक रसायनांवर आलेल्या मजकुरात सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फेट ही नावे एकमेकांच्या जागी पडली आहेत. मुद्रणदोष म्हणून ते सोडून देता आले असते. पण हीच गल्लत गोदामात, बॉयलरच्या डोसिंग (रसायन मिसळून सोडायच्या) टाकीपाशी किंवा डार्करूममध्ये झाली, तर नळीला भोक पडते आणि फिल्म वाया जाते. शिवाय सल्फाइटच्या बाबतीत अडचण नुसत्या नावाची नाही. पोते उघडे राहिले की हा पदार्थ आपोआप सल्फेट होत जातो आणि पोत्यावरचे नाव मात्र तसेच राहते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सल्फाइटच्या रेणूत गंधकाच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे तीन अणू असतात, सल्फेटमध्ये चार. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन मुळीच नसतो. सल्फाइटला तो चौथा अणू हवा असतो आणि मिळेल तिथून तो घेतो. पाण्यात विरघळलेल्या हवेतून घेतो, क्लोरीनच्या अवशेषातून पाण्यामार्फत घेतो, सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमकडूनही घेतो. त्याचे बहुतेक उपयोग या एका ओढीतून आलेले आहेत आणि तो वाया जातो तोही त्यामुळेच. सल्फेटची ही भूक भागलेली असते. ते पाण्यात विरघळते आणि स्वस्थ बसते. (शाम्पूच्या बाटलीवर ‘सल्फेट-फ्री’ लिहिलेले असते ते सल्फेट आणखी निराळे. तो साबणासारखा फेस आणणारा पदार्थ असतो आणि या चर्चेशी त्याचा संबंध नाही.)

डोळ्यांनी ही दोन्ही ओळखता येत नाहीत. दोन्ही पांढरी पूड, दोन्ही जवळजवळ बिनवासाची, दोन्ही पाण्यात सहज विरघळणारी. वजनकाटाही मदत करत नाही. सल्फाइटचा रेणुभार १२६, सल्फेटचा १४२. म्हणजे १०० किलो सल्फाइट पूर्ण बिघडले तर त्याचे सुमारे ११३ किलो सल्फेट होते. माल कामातून जातो आणि वजन वाढते! साठ्याच्या वहीत ही नासाडी कधीच दिसत नाही.

ओळखण्याची सोपी खूण अशी. चिमूटभर पूड परीक्षानळीत पाण्यात विरघळवा आणि बेरियम क्लोराइडच्या द्रावणाचे काही थेंब टाका. सल्फाइट असो वा सल्फेट, पांढरा साका येतोच. आता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब घाला. ताज्या सल्फाइटचा साका विरघळून द्रावण नितळ होते आणि काडेपेटीची काडी नुकती विझल्यावर येतो तसा झणझणीत वास येतो. सल्फेटचा साका मात्र आम्लाला दाद देत नाही, तळाशी पांढरा चुन्यासारखा बसून राहतो. जुन्या पोत्यातला नमुना असेल तर दोन्ही दिसते. वास येतो, पण नळी गढूळ ती गढूळच. नळी नाकाशी धरू नये, हाताने वारा घेऊन वास घ्यावा. बेरियम क्लोराइड विषारी आहे, तेव्हा हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नये.

किती टक्के शिल्लक आहे हे मात्र आयोडीनच सांगते. ०.१ नॉर्मल आयोडीन द्रावण नेमके ५० मिलिलिटर घ्या. त्यात नेमकी तोललेली ०.२५ ग्रॅम पूड टाका, झाकण लावून हलवा, पाच मिनिटे ठेवा. मग १ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उरलेले आयोडीन ०.१ नॉर्मल हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) परत मोजा. पिवळा रंग फिकट होत आला की स्टार्च घालायचे. निळा रंग जाऊन द्रावण बिनरंगी झाले की थांबायचे. खर्ची पडलेल्या आयोडीनचा दर मिलिलिटर म्हणजे ६.३०२ मिलिग्रॅम सोडियम सल्फाइट. पूर्ण शुद्ध नमुना सुमारे ३९.७ मिलिलिटर आयोडीन खातो, म्हणजे हायपो १०.३ मिलिलिटर लागतो. हायपो १८ मिलिलिटर लागला, तर आयोडीन ३२ मिलिलिटर गेले. सल्फाइट २०१.७ मिलिग्रॅम भरले, म्हणजे माल ८१ टक्क्यांचाही नाही. इथे क्रम उलटा करायचा नाही. पूड आधी पाण्यात विरघळवून ठेवली आणि सावकाश आयोडीन सोडत बसले, तर तेवढ्या वेळात हवा आपला वाटा घेते आणि चांगला मालही कमी भरतो.

नमुना घेतानाही फसगत होते. ओल लागलेल्या पोत्यात ढेकळे होतात आणि ढेकळाचे बाहेरचे कवच आधी बिघडते. वरवरची मूठभर पूड घेतली तर माल आहे त्याहून वाईट ठरतो, ढेकूळ फोडून आतला गाभा घेतला तर आहे त्याहून चांगला. पोत्याच्या वरून, मधून आणि खालून नमुना घेऊन तो कुटून एकजीव केल्याखेरीज तोलू नये. कोरडे निर्जल सल्फाइट बंद पिशवीत पुष्कळ टिकते. खरा शत्रू दमट हवा. आतली प्लॅस्टिकची पिशवी रोज सुतळीने घट्ट बांधणे, पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवणे आणि आम्ल किंवा ब्लिचिंग पावडर त्याच खोलीत न ठेवणे, ही तीन कामे झाली तरी निम्मी नासाडी थांबते असे आमचे मत आहे.

निर्जल आणि स्फटिक यांतही गोंधळ होतो. स्फटिकी सल्फाइटमध्ये पाण्याचे सात रेणू असतात आणि त्याचा रेणुभार २५२, म्हणजे बरोबर दुप्पट. निर्जल १०० ग्रॅम लिहिले असेल तिथे स्फटिकी २०० ग्रॅम लागते. हे लवण तयार करताना सोडा ॲशच्या (सोडियम कार्बोनेटच्या) द्रावणात सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात, बायसल्फाइट होईपर्यंत. मग अल्कली घालून ते उदासीन करतात. स्फटिकीकरण ३३-३४ अंश सेल्सिअसच्या वर केले तर निर्जल पूड मिळते, त्याखाली केले तर सात पाण्याचे स्फटिक. विद्राव्यताही याच तापमानाला सर्वाधिक असते, पुढे तापवत गेले की कमी होते. म्हणून घट्ट द्रावण पटकन करायचे म्हणून वाफेची कॉइल सोडली की कॉइलवरच पांढरा थर चढतो. कोमट पाणी पुरते. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३० ग्रॅम विरघळते आणि कामाला ५ ते १० टक्क्यांचे द्रावण लागते, तेव्हा घाई करण्याचे कारणच नाही.

आता बॉयलर. पाण्यातला ऑक्सिजन पोलादाला सरसकट झिजवत नाही, एका जागी खोदतो. नळी कापून पाहिली की आत तांबूस-तपकिरी फोड दिसतात. फोड नखाने उचकटला की खाली काळी पूड आणि तिच्याखाली वाटीसारखा खड्डा. बाकी नळी धडधाकट असते आणि त्या एका खड्ड्यातून पाणी बाहेर येते. हे टाळायला सल्फाइट घालतात.

हिशेब असा. १ भाग ऑक्सिजनला ७.८८ भाग शुद्ध सल्फाइट लागते. २५ अंशांना उघड्या टाकीतल्या पाण्यात दर लिटरला ८.२ ते ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे १००० लिटर पाण्याला सुमारे ६५ ग्रॅम सल्फाइट. तेच फीड पाणी (बॉयलरला पुरवायचे पाणी) ८० अंशांपर्यंत तापवले तर ऑक्सिजन २.८ मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि काम २२ ग्रॅममध्ये भागते. तासाला ५ घनमीटर पाणी घेणाऱ्या बॉयलरला थंड पाण्यावर दिवसाला ७.८ किलो लागतील, तापलेल्या पाण्यावर साधारण २.६५ किलो. परत येणारे कंडेन्सेट (वाफ निवून झालेले पाणी) फीड टाकीत घ्यावे, टाकीला उष्णता राखणाऱ्या लोकरीचे आवरण घालावे आणि मग सल्फाइटचा विचार करावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कारण जास्त सल्फाइटचा अर्थ पाण्यात जास्त क्षार. ऑक्सिजनच्या दर भागामागे ८.८८ भाग सल्फेट पाण्यात राहते आणि ते ब्लो-डाउनने (बॉयलरमधले खारे पाणी थोडे थोडे बाहेर सोडून) काढावे लागते. ब्लो-डाउनबरोबर उष्णता जाते.

वरच्या मात्रेत राखीव साठा धरलेला नाही. कमी दाबाच्या बॉयलरच्या पाण्यात साधारण ३० ते ६० मिलिग्रॅम प्रति लिटर सल्फाइट शिल्लक ठेवतात. वरच्याच बॉयलरमध्ये ब्लो-डाउन ५ टक्के, म्हणजे तासाला २५० लिटर असेल आणि शिल्लक ४० मिलिग्रॅम राखायची असेल, तर तासाला आणखी १० ग्रॅम. पोत्यातला माल ८० टक्क्यांचा असेल तर सगळ्या बेरजेला ०.८ ने भागायचे. हा भागाकार बहुतेक ठिकाणी होत नाही. डोस ‘पोत्यावरच्या’ सल्फाइटचा जातो, पाण्याला मिळतो चार-पंचमांश, आणि मग दोष रसायनाला दिला जातो.

कुठे घालायचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. बॉयलरच्या ड्रममध्ये (जिथे पाणी आणि वाफ वेगळी होतात त्या भांड्यात) थेट सल्फाइट सोडले तरी ड्रमच्या पाण्याची चाचणी उत्तम येते. शिल्लक ५० मिलिग्रॅम, सगळे खूश. पण फीड पंप, फीड लाइन आणि इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेने फीड पाणी तापवणाऱ्या नळ्या) यांतून ऑक्सिजन तोवर मोकळा वाहत आलेला असतो आणि खड्डे तिथे पडतात. शिल्लक सल्फाइटचा आकडा फक्त ड्रममध्ये काय आहे ते सांगतो, वाटेत काय घडले ते सांगत नाही. म्हणून द्रावण फीड टाकीत किंवा डीएरेटरच्या (पाण्यातली हवा काढणाऱ्या यंत्राच्या) साठवण भागात, पाण्याच्या पातळीखाली आणि पंपापासून जितके आधी जमेल तितके आधी सोडावे. थंड पाण्यात नुसत्या सल्फाइटला ऑक्सिजन टिपायला कित्येक मिनिटे लागतात. अत्यल्प कोबाल्ट असले तर तेच काम फार लवकर उरकते. म्हणून कोबाल्ट मिसळलेले सल्फाइट मिळते. पण त्याच टाकीत फॉस्फेट, कॉस्टिक सोडा किंवा इडीटीए (धातू बांधून ठेवणारे रसायन) घातले की कोबाल्ट साक्यात बसते किंवा बांधले जाते आणि जादाचे पैसे पाण्यात जातात. सल्फाइटची टाकी आणि पंप वेगळेच हवेत.

त्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडून द्रावण ढवळणारे लोक आहेत. ऑक्सिजन काढायच्या औषधाला ऑक्सिजनच पाजायचा! हाताने किंवा सावकाश फिरणाऱ्या पंख्याने ढवळा, द्रावणावर तरंगते झाकण ठेवा, एका दिवसापुरतेच करा. सकाळी एकदा बादली ओतून मोकळे होण्याचाही उपयोग नाही. दुपारपर्यंत शिल्लक भरपूर आणि पहाटे शून्य, असे होते. पंपाने थेंब थेंब, फीड पाण्याच्या प्रमाणात, सतत गेले पाहिजे.

शिल्लक मोजण्याची चाचणीही आयोडीनचीच. नमुना आम्लयुक्त करून, स्टार्च घालून, आयोडाइड-आयोडेट सोडत जायचे आणि टिकणारा पहिला निळा रंग आला की वाचन घ्यायचे. इथे नव्वद टक्के चुका ब्युरेटवर होत नाहीत, नमुना घेताना होतात असे म्हटले तरी चालेल. उकळते पाणी बादलीत घेऊन, निवत ठेवून, अर्ध्या तासाने मोजले तर सल्फाइट हवेनेच संपवलेले असते. वाचन कमी येते, मग डोस वाढतो. नमुना कूलरमधून २५ अंशांच्या खाली आणावा, रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत घालावी, बाटली भरून वाहू द्यावी, हलवू नये आणि लगेच मोजावे. पाण्यात नायट्राइट असेल तर चाचणी बिघडते. सल्फाइड असेल तर तेही आयोडीन खाते आणि नसलेले सल्फाइट असल्यासारखे दिसते.

सल्फाइड येते कुठून? दाब खूप वाढला की सल्फाइट स्वतःच फुटते. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, काही सल्फाइड होते आणि त्यापासून हायड्रोजन सल्फाइड. हे वायू वाफेबरोबर जाऊन कंडेन्सेटच्या पाइपांना आम्ल बनून लागतात. ६० बारच्या आसपास आणि त्यापुढे सल्फाइट वापरू नये, तिथे न फुटणारी, क्षार न वाढवणारी इतर रसायने आहेत. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) वाफेत जे पाणी फवारतात, त्यात तर कोणत्याही दाबाला सल्फाइट नको. पाण्याची वाफ होते आणि क्षार नळ्यांत चिकटतो. बंद ठेवायच्या बॉयलरला मात्र हे चांगले. तो पाण्याने काठोकाठ भरावा, पाणी अल्कलीयुक्त करावे, सल्फाइट दर लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावे आणि अधूनमधून मोजत राहावे.

सोडियम सल्फाइटऐवजी मेटाबायसल्फाइट आले तर? पुरवठ्यात अशी अदलाबदल होते. मेटाबायसल्फाइटमध्ये सल्फर डायऑक्साइड ६७ टक्के, सल्फाइटमध्ये ५१, त्यामुळे ते ‘अधिक ताकदीचे’ म्हणून खपते. ऑक्सिजनच्या हिशेबाने तेही खरे आहे, १ भागाला ५.९४ भागच लागते. पण ते आम्लधर्मी आहे. १ टक्का द्रावणाचा पीएच पाहावा. सल्फाइटचा ९ च्या वर येतो, मेटाबायसल्फाइटचा ४ ते ५. कमी अल्कलीच्या फीड पाण्यात ते तसेच घातले, तर ऑक्सिजन जातो आणि आम्ल पोलादाला लागते. ते वापरायचेच असेल तर दर किलोला ४२० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे टाकीतच सल्फाइट तयार होते. कॉस्टिक वेगळे विरघळवून, निवल्यावर, सावकाश मिसळावे. द्रावण चांगलेच तापते.

क्लोरीन काढण्याचे काम याहून सोपे आहे. ब्लीच केलेल्या सुतातून, कागदाच्या लगद्यातून, सांडपाण्यातून उरलेला क्लोरीन काढायला त्याच्या १.७८ पट सल्फाइट किंवा १.३४ पट मेटाबायसल्फाइट पुरते. दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ३.६ मिलिग्रॅम, वर दहा टक्के. ही प्रक्रिया जवळजवळ क्षणात होते. चूक होते ती ‘थोडे जास्त असू दे’ म्हणण्यात. सांडपाण्याबरोबर गेलेले १ किलो जादा सल्फाइट नदीतला १२७ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेते आणि माशांना क्लोरीनपासून वाचवताना त्यांचा श्वास आपणच काढून घेतो. आणि कोरडे सल्फाइट कोरड्या ब्लिचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये, भयंकर तापते.

कागदाच्या धंद्यात सल्फाइटचा इतिहास जुना आहे. लाकडातले लिग्निन (तंतू चिकटवून ठेवणारा पदार्थ) सल्फाइटने पाण्यात विरघळणारे करता येते, यावर बेंजामिन टिल्घमन यांनी १८६७ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले आणि कार्ल डॅनियल एकमन यांनी १८७४ मध्ये स्वीडनमधील बर्गविक येथे या पद्धतीचा कारखाना चालवून दाखवला. ती आम्ल पद्धत होती. सोडियम सल्फाइट आज सोडा ॲशसोबत अर्ध-रासायनिक लगद्याला लागते. खोक्यांच्या पुठ्ठ्यातला तो नागमोडी थर पुष्कळदा अशा लगद्याचा असतो.

फिल्म धुणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोडॅकच्या १९२७ च्या डी-७६ डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) दर लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम असते. इतके सल्फाइट केवळ टिकाऊपणासाठी नाही. ते चांदीच्या क्षाराचे कण किंचित विरघळवते आणि त्यामुळे चित्रातला दाणा बारीक येतो. ५० अंशांच्या ७५० मिलिलिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन आणि बोरॅक्स, शेवटी थंड पाण्याने १ लिटर. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल विरघळतच नाही, पांढरे कण तरंगत राहतात. नुसते मेटॉल आधी टाकले तर त्याला हवा लागते. बिघडलेले सल्फाइट वापरले की डेव्हलपर दोन-चार दिवसांत तपकिरी होतो आणि दाणा जाड येतो. अशा वेळी लोक वेळ आणि तापमान बदलून पाहतात. बरणीकडे कोणी पाहत नाही.

खाद्यपदार्थांविषयी एवढेच, की सल्फाइट तिथेही रंग टिकवायला वापरतात (ई २२१ सोडियम सल्फाइट, ई २२३ मेटाबायसल्फाइट) आणि काही दमेकऱ्यांना त्याने धाप लागते. म्हणूनच अनेक देशांत किलोला १० मिलिग्रॅमपासून पुढे लेबलवर उल्लेख सक्तीचा आहे. ते ब जीवनसत्त्वातील थायमिन नष्ट करते. सल्फा औषधांची ॲलर्जी आणि सल्फाइटचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मजकुरात त्याही एक झाल्या होत्या, ती दुरुस्तीही कृपया छापावी.

काम करणाऱ्यांनी सांभाळायचे ते आम्ल. सल्फाइटवर कोणतेही आम्ल पडले की सल्फर डायऑक्साइड निघतो. बॉयलरचा खार काढायला वापरलेले आम्ल आणि डोसिंग टाकीचा गाळ एकाच गटारात सोडला तरी तोच प्रकार. खळगा बंदिस्त असेल तर वायू तळाशी साचतो, कारण तो हवेपेक्षा दुपटीहून जड आहे.

आणि जुन्या पोत्यातला माल तपासणीत ६० टक्के शुद्ध भरला तर ते फेकायचे कारण नाही. क्लोरीन काढायला ते मात्रा वाढवून निर्धास्त वापरावे, तिथे जादा सल्फेटने बहुधा काही बिघडत नाही. बॉयलरला शक्यतो नको, निष्कारण क्षार वाढतात. डेव्हलपरला मुळीच नको. पोत्यावर तपासणीची तारीख आणि भरलेले टक्के खडूने नको, शाईने लिहून ठेवावेत.

आपले,
बॉयलर जलप्रक्रिया व रसायन तपासणीच्या कामातील काही वाचक